जवारीचा दोरा

दुसऱ्याचं चांगलं झालेलं मला फारसं बघवत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला धक्का बसायला नको. आईला माझा हा स्वभाव पक्का ठाऊक होता. वर्गातल्या कुठल्या मुलीला बक्षीस मिळालं की ती मला स्वयंपाकघरात बोलावून हातावर बेसनाचा लाडू ठेवायची. लाडू खाऊन व्हायचा, पोटातलं दुखणं तसंच राहायचं.

बाराव्या वर्षी मला सतारीचं वेड लागलं आणि त्या स्वभावाला मोठं रान मिळालं. माझ्याकडे एक वही होती. तीत मी नामांकित वादकांची कात्रणं चिकटवायची. सनईवाले, सरोदवाले, बासरीवाले, तबलजी, आणि सगळ्यांत जास्त सतारिये. कोण दिवसाला किती तास रियाज करायचे, कोणाच्या बोटांना कसे घट्टे पडले होते, हे मी लाल शाईने अधोरेखित करायची. लोकांना वाटायचं, पोरीला केवढी भक्ती! भक्ती कसली, जळफळाट होता नुसता. या प्रत्येकाच्या वडिलांनी त्याच्या हातात तिसऱ्या-चौथ्या वर्षी वाद्य दिलं होतं. माझे वडील पाटबंधारे खात्यात होते आणि त्यांना शीळसुद्धा धड घालता येत नव्हती.

पण त्यांनी मला सतार आणून दिली, थेट मिरजेहून. तिला आईने जुन्या सोलापुरी चादरीची गवसणी शिवली. नाशिकच्या रविवार कारंजावर भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर सरांचा क्लास होता, तिथे मी जाऊ लागले. सर पोस्टातून निवृत्त झालेले, तपकीर ओढायचे आणि कौतुकाच्या बाबतीत भलते चिक्कू. एखादी गोष्ट फारच चांगली जमली तर ते "हं" म्हणायचे. त्याच्या वर काही नाही. खाली दुकानाच्या पायरीवर एक माणूस दिवसभर भांड्यांवर नावं घालत बसायचा. त्या टकटकीत आम्ही सूर लावायला शिकलो.

सरांकडे नव्या मुलीला पहिले कित्येक दिवस सतारीला हात लावायला मिळत नसे. आधी तंबोरा. तोही वाजवायचा नाही, त्याची जवारी लावायची. तंबोऱ्याच्या चारही तारा भोपळ्यावरच्या एका रुंद पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोऱ्याचा बोटभर तुकडा घालायचा आणि तो मागेपुढे सरकवत राहायचं. दोरा नेमक्या जागी आला की तारेचा आवाज खुलतो, एका तारेतून चार निघाल्यासारखे वाटतात. केसभर इकडेतिकडे झाला की सर्दी झालेल्या माणसासारखा बसतो. ती जागा डोळ्यांना दिसत नाही, कानानेच शोधावी लागते. मला ती लवकर सापडायला लागली. सरांनी मला पाच वर्षांत तीनदा "हं" म्हटलं, आणि तीनही वेळा या दोऱ्यासाठीच. सतारीसाठी एकदाही नाही. ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षातही आली नव्हती.

मग ती आली.

तिचे वडील सातपूरच्या एका कारखान्यात पाळीवर होते. मूळचे निफाडकडचे. त्यांच्या वस्तीत चौदा एप्रिलला गाण्याची पार्टी बसायची, तीत ते बुलबुलतरंग वाजवायचे. मुलीला घेऊन ते जिना चढून आले तेव्हा अंगात कारखान्याचा निळा शर्ट होता. "सर, हिला लय नाद हाय. काय व्हईल ते शिकवा," असं म्हणून ते दारातच उभे राहिले. मुलगी माझ्याहून तीन-चार वर्षांनी लहान, दोन वेण्या, दप्तर अजून पाठीवरच. मी सतार लावत होते. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "ताई, ती मधली तार खाली हाय."

मी म्हटलं, "नाहीये."

सरांनी पुढे होऊन तार छेडली. खाली होती. सर म्हणाले, "हं."

माझ्या पाच वर्षांतल्या तीन हुंकारांपुढे तिला पहिल्या पाच मिनिटांत एक मिळाला होता. अंगाचा तिळपापड होतो म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "त्यांच्यात असतंच ते उपजत." हे काही कौतुक नव्हतं, आणि आमच्या घरात ते कोणाला कौतुक वाटलंही नाही. मला मात्र त्या वाक्याने बरं वाटलं. तिला ते आयतं मिळालंय आणि मी कष्टाने मिळवतेय, असं म्हणायची सोय झाली. खरं म्हणजे ती माझ्या दुप्पट मेहनत करायची. घरी सतार नव्हती, म्हणून शाळा सुटली की क्लासवर यायची आणि सरांची जुनी सतार मांडीवर घेऊन दिवेलागणीपर्यंत बसायची. तिच्या बोटाची कातडी फाटली की ती हळद लावून पुन्हा वाजवायची. असलं काही मी फक्त कात्रणांत वाचलं होतं.

तिचा सगळ्यांत मोठा दोष असा की ती माझ्याशी चांगली वागायची. मला "ताई, ताई" करत मागे फिरायची. तिला एकच गोष्ट जमत नसे, तंबोऱ्याचा दोरा. तिचा हात जरा घाईचा होता. मग ती तंबोरा माझ्यासमोर आणून ठेवायची. "ताई, तूच लाव. तुझ्यासारखा मला नाय जमत." मी लावून द्यायची, आणि तेवढा वेळ मला ती आवडायचीसुद्धा.

दोन-अडीच वर्षं अशी गेली. आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात बातमी आली की एक फार मोठे सतारिये नाशिकला येणार. माझ्या वहीत त्यांची अकरा कात्रणं होती. आम्ही त्यांना नुसतं खाँसाहेब म्हणायचो. एका शाळेच्या पटांगणात मांडव घालून कार्यक्रम होणार होता, आणि मागे तंबोऱ्याला बसायला सरांच्या क्लासातली एक मुलगी हवी, असा संयोजकांचा निरोप होता.

तंबोऱ्याला बसणं म्हणजे काही वाजवणं नव्हे, हे मला माहीत आहे. दोन तास त्याच चार तारा छेडत राहायच्या. पण कलाकाराच्या पाठीमागे दोन हातांवर बसायला मिळतं. त्यांच्या कानाशी आपला सूर जातो. मोठ्या लोकांनी आपले शिष्य असे मागे बसलेल्यांतूनच उचलले, हे मी वाचलेलं होतं आणि लाल शाईने अधोरेखितही केलं होतं. खाँसाहेब मागे वळून बघतील, विचारतील ही मुलगी कोण, हे मी इतक्या वेळा मनात बघितलं होतं की मला ते घडून गेल्यासारखंच वाटायचं. सर्वांत जुनी विद्यार्थिनी मी. दुसऱ्या कोणाचं नाव मनातही आलं नाही. मी शेजारीपाजारी सांगून मोकळी झाले. आईने तिची येवल्याची पैठणी कपाटातून काढून उन्हात टाकली.

कार्यक्रमाला आठ दिवस राहिले असताना सरांनी आम्हा दोघींना समोर बसवलं. तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "तंबोऱ्याला ही बसेल." मग माझ्याकडे वळले. "तंबोरा तू लावायचास. त्यांच्यासमोर जाणारा तंबोरा लावायला मला दुसरं कोणी दिसत नाही."

हे वाक्य मी आजही शंभरदा मनात घोळवते. सरांसारख्या माणसाने याहून मोठं काही कोणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. पण त्या वेळी मला फक्त पहिला अर्धा भाग ऐकू आला. खाली नावं घालणाऱ्याची टकटक चालू होती आणि ती आपल्याच डोक्यात चालली आहे असं वाटत होतं. तेवढ्यात शेजारून ती मुलगी म्हणाली, "सर, ताईला बसवा ना." याचा तर मला जास्तच राग आला. हिची शिफारस मला कशाला पाहिजे?

जिना उतरताना तिने हळूच विचारलं, "ताई, तुझ्याकडं साडी असंल का गं? माझ्याकडं नाय."

मी दिली. पैठणी नाही, अर्थात. एक मोरपंखी होती, ती मला अजिबात खुलत नसे. तिला इतकी शोभली की संयोजकांची बायको सगळ्यांसमोर म्हणाली, "किती गोड दिसतेय ही!"

कार्यक्रम संध्याकाळी सहाचा होता. त्या वर्षी नाशिकची थंडी चांगलीच कडक होती. खाँसाहेबांच्या बोटांसाठी स्टेजच्या कडेला कोळशाची शेगडी ठेवली होती. त्यांची बसायची सोय शाळेच्या एका वर्गात केली होती आणि फळ्यावर अजून अपूर्णांकांची गणितं तशीच होती. त्या फळ्याखाली बसून मी त्यांच्या सतारीच्या षड्जाला तंबोरा लावला. चारही दोरे बसवले. ते डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, "वाह. बहुत अच्छा मिलाया है." सरांनी माझ्याकडे बघून मान हलवली. एखादीला एवढं पुरलं असतं.

खाँसाहेब उठले. ती त्यांच्या मागोमाग निघाली, मोरपंखी साडीचा पदर सावरत. तंबोरा स्टेजवर नेऊन ठेवायचं काम माझं होतं. वर्गापासून स्टेजपर्यंत वीस-पंचवीस पावलं असतील, मध्ये एक पडदा. त्या पडद्याआड मी थांबले. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी करंगळीच्या नखाने जोडातल्या, म्हणजे मधल्या दोन तारांतल्या, एका तारेचा दोरा पुढे सरकवला. किंचित. ज्याला कान आहे त्यालाच कळावं इतका.

मला वाटलं होतं, दोरा हिला जमत नाही, म्हणजे हे कळणारही नाही, आणि त्यांना कळेल. बस्स, एवढाच माझा बेत. तो करायला मला एक क्षणही लागला नाही, म्हणजे आठ दिवस तो मनात तयारच असला पाहिजे.

मग मी स्टेजवर जाऊन तंबोरा तिच्या मांडीवर दिला आणि खाली आईशेजारी येऊन बसले.

तिने तारा छेडल्या. मी तिच्या चेहऱ्याकडेच बघत होते. तिच्या कपाळावर बारीकशी आठी आली. तिने माझ्या दिशेने पाहिलं. मग मान खाली घालून ती छेडत राहिली. खाँसाहेबांनी आलाप सुरू केला. दहा-बारा स्वर झाले असतील, तोच त्यांचा हात थांबला. त्यांनी मागे न बघता हात लांब केला आणि तिने तंबोरा त्यांच्याकडे दिला. ती कावरीबावरी झाली होती. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

त्यांनी दोरा जागेवर आणला. आता ते तंबोरा परत देतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी दोरा मुद्दाम पुन्हा जरासा हलवला, तार छेडली आणि तिला विचारलं, "अब?"

ती म्हणाली, "नाही."

त्यांनी पुन्हा हलवला. "अब?"

"थोडा मागे."

"अब?"

"हां. आत्ता."

खाँसाहेब हसले. भरल्या मांडवासमोर त्यांनी हा खेळ चारदा केला आणि चारही वेळा तिने बरोबर सांगितलं. लोक टाळ्या वाजवायला लागले. त्यांनी विचारलं, "ये कान किसने बनाया, बेटी?" ती म्हणाली, "बाबांनी. ते बुलबुलतरंग वाजवतात." लोक हसले. खाँसाहेब हसले नाहीत. त्यांनी मांडवात नजर फिरवून विचारलं, "कहाँ हैं?" अगदी मागे, खांबाशी, निळा शर्ट घातलेला माणूस उठून उभा राहिला आणि त्याने हात जोडले. खाँसाहेबांनीही जोडले.

म्हणजे मी मनात बघितलं होतं ते सगळं झालं. त्यांनी मागे वळून पाहिलं, विचारलं, ही मुलगी कोण. फक्त मांडीवर तंबोरा तिच्या होता. आणि तो दोरा मी जागच्या जागी ठेवला असता, तर त्यांनी वळून बघायचं कारणच नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर ते सरांशी बराच वेळ बोलले. बारावीची परीक्षा झाल्यावर ती त्यांच्या घरी राहून शिकायला मुंबईला गेली. निघताना माझ्या पाया पडली. मोरपंखी साडी धुऊन, इस्त्री करून परत दिली. मी ती नंतर कधी नेसले नाही.

सर मला काहीच बोलले नाहीत. "थंडीने सरकला असेल," एवढंच कोणाला तरी सांगताना मी ऐकलं. मात्र दुसऱ्या दिवसापासून क्लासातल्या तंबोऱ्याचे दोरे ते स्वतः लावू लागले. मी पुढे होऊन बसले तरी "राहू दे" म्हणायचे. त्यानंतर वर्षभरात मी क्लास सोडला. लग्न ठरलंय, असं कारण सांगितलं. लग्न खरंच ठरलं होतं.

पुढची दहा वर्षं मी नाशिकमध्येच संसार केला आणि एका कचेरीत कारकुनी केली. सतार गवसणीत घालून कपाटावर ठेवली होती. आमच्या आळीत टीव्ही आला, आणि एकदा शेजारीण धावत बोलवायला आली, "अहो, तुमची मैत्रीण लागलीय!" मी गेले. बाकीच्या बायका माना डोलवत होत्या. मी ती कुठे चुकते का तेच ऐकत बसले. ती कुठेही चुकली नाही. मग वर्तमानपत्रांत तिचं नाव यायला लागलं. पहिलं कात्रण मी कापलं, वहीपर्यंत नेलं, पण चिकटवलं नाही. ते वहीच्या पानात नुसतं घालून ठेवलं. हळूहळू अशी बरीच झाली आणि वही बंद होईना.

सर गेले. वर्षश्राद्धाच्या सुमारास जुन्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या स्मरणार्थ कार्यक्रम ठरवला, त्याच शाळेच्या पटांगणात. वाजवायला अर्थातच ती. तिचं मला पत्र आलं. अक्षर अजून शाळकरी होतं. "ताई, तंबोऱ्याला तूच बसायचंस. दुसरं कोणी बसलेलं मला चालणार नाही."

नवऱ्याला वाटलं मी खूश होईन. माझी दोन दिवस घरात आदळआपट चालली होती. आता ही मला मागे बसवणार, हेच डोक्यात. पण नाही म्हणायचं धैर्य झालं नाही, आणि जाऊन बघावंसंही वाटत होतं.

तोच वर्ग होता, बाकं नवी. तिने मला बघितलं आणि मिठी मारली. बोलणं आता शहरी झालं होतं, पण "ताई" तसंच. तिने तंबोरा माझ्यासमोर ठेवला. मी दहा वर्षांनी दोऱ्याला हात लावत होते. भीती वाटली होती की जागा सापडणार नाही. सापडली. ती आपल्या सतारीत गुंतली होती. तिने माझा तंबोरा तपासलासुद्धा नाही.

"बघून तरी घे," मी म्हटलं.

"तू लावलायस ना? मग झालं."

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. शब्द तोंडाशी आले होते. तेवढ्यात संयोजक बोलवायला आले आणि आम्ही उठलो. या वेळी पडद्याजवळ मी थांबले नाही.

स्टेजवर बसल्यावर तिने माईक जवळ ओढला. मी तिच्या मागे, दोन हातांवर. ती सरांबद्दल थोडं बोलली, मग म्हणाली, "याच पटांगणात माझं आयुष्य बदललं. इथे मी खाँसाहेबांच्या मागे तंबोऱ्याला बसले होते. थंडीने एक दोरा सरकला होता. पहिल्यांदा तारा छेडल्या तेव्हाच मला ते खटकलं होतं. पण मी हात लावला नाही, कारण तो तंबोरा या माझ्या ताईने लावला होता. ताईचा दोरा चुकत नाही. मला वाटलं, माझाच कान चुकतोय. मी गप्प राहिले म्हणून खाँसाहेब थांबले, म्हणून त्यांनी मला विचारलं, म्हणून मी आज इथे आहे. तुम्ही टाळ्या वाजवणार असाल तर आधी हिच्यासाठी वाजवा."

सगळं पटांगण टाळ्या वाजवायला लागलं. पुढच्या रांगेत माझा नवरा होता, माझी म्हातारी आई होती. आई तर डोळे पुसत होती. मागची माणसं मान उंचावून बघत होती, ही कोण म्हणून. आयुष्यभर मला एवढंच पाहिजे होतं.

तंबोरा मांडीवर आडवा घेऊन मी हात जोडले, आणि टाळ्या थांबेपर्यंत ते तसेच जोडून ठेवले. माझ्या जन्मात मला मिळालेल्या टाळ्या त्या एवढ्याच. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

मग ती अर्धी मागे वळली आणि म्हणाली, "ताई, सा दे." मी दिला.